तिजोरीला दोन किल्ल्या

*ताई, सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत मी कॅशिअर आहे. वय 38. शेजारच्या काउंटरला नाना (नाव बदललंय) अकरा वर्षं बसतोय. दोघांनाही सिनेमाचं वेड. दोन वर्षं रात्री बसून आम्ही दीड तासाच्या विनोदी सिनेमाची स्क्रिप्ट लिहिली. दोन मित्र आणि एक पतसंस्था, एवढीच गोष्ट. पहिली वीस पानं ऐकून ऑफिसातले लोक पोट धरून हसले. पुढं ती बसते. नाना म्हणतो, मध्यंतराला दरोडा घालू, उठेल. मी म्हणतो, नवीन मुलगी क्लार्क म्हणून येते आणि दोघंही तिच्या प्रेमात पडतात, असं करू. यावरून आमचं वाजलं. तीन आठवडे बोलणं बंद आहे. चहाला जायचं तरी शिपाईमामांकरवी निरोप जातो. तिजोरीची एक किल्ली माझ्याकडं आणि एक त्याच्याकडं, म्हणून सकाळी दहाला तोंड बघावं लागतं, इतकंच. दोघांचे मिळून तीन लाख साठलेत. नाना आता नोकरी सोडून यातच उतरायचं म्हणतोय. मला आतून धाकधूक वाटते, पासबुकं छापणाऱ्या माणसांचा सिनेमा बघायला येणार कोण? दरोडा घालू की प्रेम? आणि नानाचं काय करू?*

*– काउंटर नंबर दोन*

काउंटर नंबर दोन,

तुम्ही पाठवलेली नव्वदच्या नव्वद पानं वाचली. पंधराव्या पानावर प्रिंटर पासबुक वाकडं ओढतो आणि आजोबांची शिल्लक त्यांच्याच फोटोच्या कपाळावर छापली जाते. आजोबा चष्मा सारखा करून विचारतात, "हे व्याजासकट का?" तिथं माझा चहा सांडला.

एकविसाव्या पानावर तुमचे दोघे हिरो रजा टाकून गोव्याला जातात. स्क्रिप्ट बसते ती इथं. गोव्यात ते दारू पितात, भाड्याची स्कूटर घसरते, एका परदेशी बाईशी मोडक्या इंग्रजीत बोलतात. हे सगळं कुठलेही दोन मित्र करू शकतात. आजोबांच्या कपाळावर शिल्लक छापणं मात्र तुम्हा दोघांनाच जमतं. तुम्ही काउंटर सोडलात आणि सिनेमा काउंटरवरच राहिला.

दरोड्याकडं वळण्याआधी एका सिनेमाविषयी सांगते. 1994 साली अमेरिकेत 'क्लर्क्स' नावाचा सिनेमा आला. केविन स्मिथ हा पोरगा न्यू जर्सीत एका लहानशा दुकानात गल्ल्यावर बसायचा. दूध, सिगारेट, वर्तमानपत्रं विकणारं दुकान. दिवसा तिथंच नोकरी करायची आणि रात्री दुकान बंद झालं की तिथंच शूटिंग. क्रेडिट कार्डं तोंडापर्यंत भरली, जमवलेली कॉमिक्स विकली आणि 27,575 डॉलरांत काळा-पांढरा सिनेमा उभा केला. आता अडचण अशी की गोष्ट दिवसाची आणि शूटिंग रात्रीचं. शटर उघडलं की बाहेर मिट्ट काळोख दिसणार. मग त्यानं गोष्टीतच घालून टाकलं की कुलपात कुणीतरी च्युइंगम कोंबलंय, शटर वर जातच नाही. हिरो बिचारा चादरीवर बूटपॉलिशनं लिहून बाहेर टांगतो की दुकान चालू आहे, खात्री बाळगा. पैसे नसल्यामुळं आलेली अडचण त्यानं सिनेमातल्या माणसाच्या गळ्यात बांधली. ती दिवसभर त्याच्या गळ्यातच राहते आणि आपण हसत राहतो. तुमचे तीन लाख खर्च करायला काढण्याआधी हा सिनेमा दोनदा बघा. भाषा मात्र अशी आहे की घरात आई असेल तर कानात इयरफोन घालूनच.

या सिनेमातली जोडी नीट बघा. दांतेचा आज सुट्टीचा दिवस, तरी मालकानं बोलावून घेतलंय. आपण आज इथं असायलाच नको होतं, हे रडगाणं तो सकाळपासून गातो, पण गल्ल्यावरून हलत नाही. शेजारच्या व्हिडिओ लायब्ररीतला रँडल गिऱ्हाईक म्हणजे जन्माचा वैरी समजतो. स्वतःचं दुकान उघडं टाकून इकडं येऊन बसतो. एक कुरकुरत का होईना काम करणारा, दुसरा न करणारा, आणि दोघांच्या मध्ये सतत कुणीतरी सुटे पैसे घेऊन उभं. तेही दुकान सोडून जातात बरं का. छतावर हॉकी खेळतात, एका मयताला जातात. पण हॉकीतसुद्धा गिऱ्हाईक सिगारेटसाठी खाली ताटकळतंय आणि शिव्या घालतंय. मयताच्या ठिकाणी रँडलच्या हातून शवपेटी उलटते, आणि ती उलटताना आपल्याला दिसतच नाही. ते दोघं आत जाताना दिसतात आणि मग धूम ठोकताना. तो प्रसंग चित्रित करायला पैसेच नव्हते. असते तर मला वाटतं तो इतका हसवणारा झाला नसता.

आता नानांसाठी. 'क्लर्क्स' पहिल्यांदा जोडून तयार झाला तेव्हा त्यात शेवटी एक चोर यायचा, दांतेला गोळी घालायचा आणि गल्ला घेऊन जायचा. जाणत्या माणसांनी स्मिथला सांगितलं की हे काढ. त्यानं काढलं. दिवसभर ज्याच्या कंटाळ्यावर आपण हसलो, त्याला बाहेरून आलेल्या कुणीतरी मारून टाकणं म्हणजे गोष्ट संपवता आली नाही याची कबुली. हे नानांना वाचून दाखवा. बोलत नसाल तर मामांकरवी द्या.

पण नानांच्या बाजूनंही एक साक्ष आहे, ती लपवणं बरं नव्हे. माइक जज यांचा 1999 चा 'ऑफिस स्पेस'. एका कॉम्प्युटर कंपनीत तीन दोस्त. कपात करायला बाहेरचे सल्लागार आलेत, नोकऱ्या जाणार आहेत. या तिघांनी मिळून कंपनीवर मारलेला डल्ला असा : व्यवहारात सेंटचे जे बारीक तुकडे उरतात, जे राउंड करून सोडून दिले जातात, ते आपल्या खात्यात वळते करायचे. कुणाला कळणारही नाही. दशांश चिन्ह चुकीच्या जागी पडतं आणि दोन-तीन दिवसांतच खात्यात तीन लाख डॉलरांहून जास्त जमा. चोरांचीच बोबडी वळते. तुम्ही कॅशिअर आहात, हा विनोद तुमच्या पोटात कुठं लागतो ते मी सांगायला नको. हा दरोडा चालतो, कारण तो त्यांच्या टेबलावरूनच उगवतो. बुरखा घालून आत शिरणाऱ्या चोराला व्याजाचं राउंडिंग कशाशी खातात हे ठाऊक नसतं. नानांना दरोडाच हवा असेल तर तो लेजरमधून येऊ द्या, दारातून नको.

त्या सिनेमात एक प्रिंटरही आहे. उठसूट अडकणारा. तिघं मित्र शेवटी त्याला मोकळ्या रानात नेतात आणि बॅटनं, बुटांनी, एक जण तर नुसत्या मुठींनी त्याचा पार भुगा करतात. थिएटरात हा सिनेमा जेमतेम चालला. पुढं व्हिडिओ आणि केबलवर नोकरदारांनी तो डोक्यावर घेतला. त्यातल्या एका पुटपुटणाऱ्या कर्मचाऱ्याचा जीव ज्याच्यावर असतो तो लाल स्टेपलर सिनेमासाठी मुद्दाम लाल रंगवून घेतला होता. लोकांनी मागणी करकरून कंपनीला तसा स्टेपलर बाजारात आणावा लागला. तुम्ही विचारलंत ना, पासबुकं छापणाऱ्या माणसांचा सिनेमा बघणार कोण? पासबुक छापून घेणारे सगळे. रांगेत उभं राहून तुमच्या काचेआड काय चाललंय ते पंधरा मिनिटं टक लावून बघणारे. त्यांचा अर्धा सिनेमा आधीच बघून झालाय, फक्त आवाज ऐकू येत नव्हता.

माझ्या मते या जातीच्या सिनेमांचा बाप मात्र यांच्या कितीतरी आधीचा आहे. 1932 चा, जेमतेम अर्ध्या तासाचा 'द म्युझिक बॉक्स'. लॉरेल आणि हार्डी, म्हणजे आपल्याकडचे जाड्या-रड्या, हमाल आहेत. एका घरी पियानो पोचवायचाय आणि घर आहे लांबलचक जिन्याच्या टोकाला. लॉस एंजेलिसमधल्या त्या जिन्याला 133 पायऱ्या, आजही आहेत. खोक्यातला पियानो वर जातो, धडधडत खाली येतो. पुन्हा वर, पुन्हा खाली. मध्ये बाबागाडीवाली दाई येते, पोलीस येतो, एक तापट प्रोफेसर येतो. शेवटी घामाघूम होऊन दोघं वर पोचतात, तेव्हा पोस्टमन सहज सांगतो की अहो, मागून गाडीरस्ता होता की. आता तुम्ही-आम्ही काय करू? कपाळावर हात मारू आणि घंटी वाजवू. हे दोघं पियानो उचलतात, सगळ्या पायऱ्या खाली उतरवतात, गाडीत घालतात आणि रस्त्यानं वर आणतात. कारण योग्य पद्धत ती!

सरकारी किंवा सहकारी कचेरीत ज्यानं एक आठवडा काढलाय त्याला हा विनोद समजावून सांगावा लागत नाही. याला त्या वर्षी पहिल्यांदाच ठेवलेलं विनोदी लघुपटाचं ऑस्कर मिळालं. यात प्रेम नाही, दरोडा नाही, गोवा तर नाहीच. एक ओझं आणि दोन माणसं. एकट्याला उचलत नाही म्हणून दोघं. त्यांची मैत्री आहे की नाही हे कुणी विचारतही नाही, पियानोचं एक टोक एकाच्या हातात आणि दुसरं दुसऱ्याच्या, म्हणून ते एकत्र. हार्डीला वाटतं आपण शहाणे. तो तसा नसतो, पण तसं वाटणं फार महत्त्वाचं. तुमच्या स्क्रिप्टमध्ये दोघंही सारखेच हजरजबाबी आहेत. टाळीला टाळी. वीस पानांनंतर कोण बोलतंय हे मला नावं वाचून कळायला लागलं. खऱ्या आयुष्यात तुम्ही दोघं असे आहात का? तुमच्या पत्रावरून तरी वाटत नाही. एक जण नोकरी सोडायला निघालाय आणि दुसऱ्याला धाकधूक होतेय. ही जोडी आहे. ती पानात आणा.

आपल्याकडं हे नाही असं समजू नका. 'पांडू हवालदार' 1975 चा. दादा कोंडके आणि अशोक सराफ, दोघंही हवालदार, एकाच चौकीचे. त्याआधी वसंत सबनिसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' या वगनाट्यातही दादा हवालदारच होते. गणवेश घातलेला माणूस, त्याच्या वर एक साहेब आणि शेजारी दुसरा तसाच गणवेशवाला, एवढ्यावर आपला वग रात्र काढायचा. आणि कुंदन शाहांचा 'जाने भी दो यारों', 1983 चा. मुंबईतले दोन कफल्लक फोटोग्राफर. त्यातला खून त्यांना सापडतो कसा? स्वतःच काढलेला फोटो डार्करूममध्ये मोठा करत करत. पुढचं सगळं रामायण, खरं तर महाभारत, त्या एका एन्लार्जमेंटमधून निघतं. ते धंद्यानं शिंपी असते तर सिनेमा तिथंच संपला असता.

मी स्वतः नऊ वर्षं एका कचेरीत आवक-जावक टेबलाला होते. आवक माझ्याकडं, जावक शेजारच्या बाईंकडं, आणि दोघींत मिळून तारखेचा शिक्का एक. रबराच्या पट्ट्या फिरवून तारीख बदलायची, तसला. दुसरा मागितला होता, प्रस्ताव वर गेला तो गेलाच. एकदा बाईंनी संध्याकाळी उद्याची तयारी म्हणून तारीख पुढं करून ठेवली, आणि पाचनंतर आलेल्या एका गठ्ठ्यावर मी डोळे मिटून ठोकत गेले. तेहतीस अर्ज आले आज, मिळाले उद्या. खोडलं तर खाडाखोड, नाही खोडलं तर खोटं. त्या दिवशी आमचं सकाळपासून डब्यावरून भांडण चालू होतं. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. साडेआठपर्यंत आम्ही दोघी त्या कचेरीत समोरासमोर बसलो होतो. शेवटी बाई म्हणाल्या, "आपण घरीच उद्या जाऊ या, म्हणजे सगळं बरोबर होईल." मी इतकी हसले की वॉचमन वर आला.

सांगायचं कारण, तुमच्या पत्रात तुमचा सिनेमा तुम्ही एका ओळीत उरकून टाकलाय. तिजोरीची एक किल्ली माझ्याकडं, एक त्याच्याकडं. "इतकंच" म्हणता?

सकाळचे दहा. बाहेर दहा-बारा माणसं पासबुकं घेऊन. एकाच्या मुलीचं लग्न परवावर आलंय, त्याला सगळी ठेव काढायचीय. तिजोरीसमोर तुम्ही दोघं. आधी नानांची किल्ली फिरली पाहिजे, मग तुमची. नाना थांबलेत, तुम्ही "हं" म्हणायची वाट बघत. तुम्ही "हं" म्हणणार नाही, कारण तीन आठवडे झाले. दोघांच्या मध्ये चार फूट अंतर आणि त्या चार फुटांत मामा निरोप पोचवतायत. "ते म्हणतायत, फिरवा." "त्यांना सांगा, ऐकू येतंय मला." "ते म्हणतायत, त्यांना ऐकू येतंय." मामांना पाणी भरायचंय, टेबलं पुसायचीत, त्यांचा जीव वैतागलाय. आणि आतल्या नोटांना याच्याशी काही देणंघेणं नाही.

हे पहिलं पान. मग नानांनी नोकरी सोडायचा अर्ज दिला तर किल्ली कुणाकडं जाणार? रीतसर ताबा द्यायचा म्हणजे दोघांनी समोरासमोर बसून रोकड मोजायची, एक एक बंडल, आणि सह्या करायच्या. ती मोजणी जुळलीच नाही तर? दहा रुपये कमी. खिशातून घालून मोकळं व्हायचं म्हटलं तर उद्या दहा रुपये जास्त निघायची भीती, आणि कॅशिअरला जास्तीची भीती कमीपेक्षा मोठी असते हे तुम्ही मला शिकवाल. दहा रुपयांसाठी रात्र चढत जाते, घरून फोन येतात, रोजची बचत गोळा करणारा पिग्मी एजंट आपला हिशेब घेऊन ताटकळतो, आणि नाना मुक्त होऊ शकत नाहीत. तुम्हाला मध्यंतराला जे हवंय ते हे. सत्तर पानं यातून निघतात की नाही बघा. नाही निघाली तर पन्नास पानांचा सिनेमा करा, 'म्युझिक बॉक्स' तर अर्ध्या तासाचा होता.

नवीन मुलगी क्लार्क म्हणून येणार असेल तर खुशाल येऊ दे, पण प्रेमात पाडायला नको. तिला तिसरी किल्ली मागू दे. तुमच्या दोघांपेक्षा तिला काम जास्त येत असेल तर गंमत आणखी वाढेल. एवढंच त्या बाबतीत.

आता व्यवहार. नानांनी नोकरी सोडू नये. स्मिथ दिवसा त्याच दुकानात उभा होता म्हणून त्याला ते दुकान वापरायला मिळालं. तुमच्याकडं रविवार आहे. शाखा वापरायची तर चेअरमनच्या तोंडी 'हो'वर जाऊ नका, संचालक मंडळाचा ठराव घ्या. सभासदांची नावं, खाती, लेजर, पासबुक, यातलं काहीही खरं कॅमेऱ्यात येता कामा नये, आणि खरी रोकडही नाही. परवानगी मिळाली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. एखादा रिकामा गाळा, एक जाळी, एक काच, दोन खुर्च्या आणि भंगारातला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, एवढ्यात पतसंस्था उभी राहते. तिजोरीचा पुढचा दरवाजा सुतार प्लायवूडमध्ये करून देईल. आवाज मात्र नीट रेकॉर्ड करा. तीन लाखांतला मोठा वाटा आवाजावर गेला तरी चालेल, चित्र थोडं मळकट असलं तर लोक खपवून घेतात, विनोद ऐकू आला नाही तर उठून जातात.

आणि मैत्रीसाठी म्हणून नव्हे, तुम्ही कॅशिअर आहात म्हणून सांगते ते करा. कुणाचे किती पैसे, लेखक म्हणून दोघांची नावं कुठल्या क्रमानं, सिनेमा अर्धवट राहिला तर स्क्रिप्ट कुणाची, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचं सदस्य होऊन स्क्रिप्ट दोघांच्या नावानं नोंदवता येते. अकरा वर्षं दुसऱ्याच्या पैशांचा हिशेब चोख ठेवलात, आपल्या तीन लाखांचा तोंडी ठेवू नका.

बोलणं कसं सुरू करायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून मीही सांगत नाही. फक्त तिजोरीचा प्रसंग लिहिताना नानांची वाक्यं नानांना लिहू द्या आणि तुमची तुम्ही लिहा. वही मामांकरवी पाठवा. मामांनी मध्ये दोन शब्द स्वतःचे घातले तर खोडू नका, तेच सगळ्यात चांगले निघतील असा माझा अंदाज आहे.

गोव्याची बरीच पानं होतात. फाडू नका, मागची बाजू कोरी आहे.

– ताई

ता. क. पंधराव्या पानावरच्या आजोबांना पुढं कुठं बघितलंच नाही. त्यांचं पासबुक दुरुस्त झालं का?